केळशीकरांचं नाक

केळशीकर आमच्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा हिने रीतीप्रमाणे पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट घेऊन या गालातून त्या गालात फिरवला आणि म्हणाले, "माठ नवा आहे. आणि नीट धुतलेला नाही."

पाहुण्याने यजमानाच्या पाण्याची परीक्षा घ्यावी, याचा मला संताप आला. हिला माझ्याहून जास्त आला, कारण माठ खरोखरच नवा होता.

माझी बदली कलकत्त्याला झाली आणि भवानीपुरात जिन्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला केळशीकर, असा शेजार नशिबी आला. गृहस्थ पन्नाशीचे, विधुर, एकटे. विलायती दारू मागवणाऱ्या एका कंपनीत ते चाखनीस होते. हा हुद्दा त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला. खिदिरपूरच्या गोदीत एल नावाच्या कडक, काळपट बीअरच्या पेट्या उतरत. बोटीवरच्या उकाड्यात त्यातली काही आंबून जाई. कुठली विकायची आणि कुठली गटारात ओतायची, हे केळशीकर सांगत. चाखायची, गालात फिरवायची आणि पिकदाणीत थुंकायची. एक थेंब घशाखाली जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा.

हे लोकांना पटवून देणं मात्र कठीण होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत, "केळशीकरबाबू मद खेये माइने पान." म्हणजे दारू पिऊन पगार घेतात. बंगाली माणूस पाणीही खातो, चहाही खातो आणि सिगारेटही खातो, त्यामुळे केळशीकर दारू 'खातात' ही बातमी गल्लीभर झाली. त्यावर ते जिन्यात उभे राहून ओरडत, "मी खातही नाही आणि पीतही नाही. मी चाखतो." मराठीत ओरडत, त्यामुळे गल्लीला काही कळत नसे.

संध्याकाळी कामावरून आले की स्वतःचं कुलूप काढण्याआधी ते आमच्या दारात उभे राहत. मी नुकता चहाला बसलेला असे.

"आज एक एल आली होती. बाटलीवर सिंहाचं चित्र. आत मांजर."

किंवा, "नुसती कडक केली म्हणजे झालं? पैलवान आहे, पण मुका आहे. वरण आहे, फोडणीचा पत्ता नाही. ही बीअर नव्हे, फसवणूक आहे."

त्यांचा खरा राग इंग्रजीवर होता. "साहेबाला काय लिहून देऊ? 'बॅड' लिहिलं. पण बॅड म्हणजे काय? खवट, कुबट, की कडसर? त्यांच्या भाषेत तिन्ही एकाच गोणीत. आणि चांगली असेल तर 'गुड'. खमंगला शब्दच नाही यांच्याकडे. राज्य कसं केलं या लोकांनी, देव जाणे."

"मग कुठली एल खमंग निघाली आजवर?" मी एकदा विचारलं.

"एकही नाही," ते म्हणाले आणि कुलूप काढायला गेले.

खमंग हा शब्द त्यांनी हिच्या स्वयंपाकालाही कधी दिला नाही. आमटीला म्हणाले, "पातळ आहे, पण प्रामाणिक आहे." थालिपीठाचा तुकडा मोडून, हुंगून म्हणाले, "भाजणी भाजताना मन दुसरीकडे होतं." ही ताट उचलून आत गेली ती बाहेरच आली नाही. त्या दिवशी तिला माहेरची फार आठवण येत होती, हे तिने मला नंतर सांगितलं. पण सत्य सांगितलं म्हणून माणसाचा राग येत नाही असं थोडंच आहे?

अशा माणसाला कोणी जेवायला बोलावू नये. पण कलकत्त्यात मराठी माणसं ती किती, आणि त्यात आठवड्याला भेटणारी किती. शेवटी सगळे मराठी मंडळातच जमायचे. तिथेही केळशीकर कोपऱ्यात बसून कुणाच्या चिवड्यातलं तेल जुनं आहे ते जाहीर करत. बायका चिडत, पुरुष हसत. चालून जात होतं.

त्या वर्षी मात्र गणपतीच्या पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. आरतीच्या आधी नैवेद्याचं ताट त्यांच्या समोरून चाललं होतं. केळशीकर वाकले, मोदकांवर नाक नेलं आणि दीर्घ श्वास घेऊन म्हणाले, "वेलदोडा कमी."

मंडळाच्या हॉलमध्ये ताट जागच्या जागी थांबलं. नैवेद्य चाखायचा नाहीच, पण त्याचा वास घेतला तरी तो उष्टा होतो, हे मराठी घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. केळशीकरांनाही ठाऊक होतं. पण नाक त्यांच्या आधी पोचलं होतं. पुन्हा उकड काढावी लागली, आरती लांबली, पोरं भुकेने रडायला लागली.

आमचे चिटणीस दातार नुकतेच मुंबईहून बदलून आलेले. तिकडे दारूबंदी, आणि इथे दारूत बुडालेलं नाक थेट गणपतीच्या ताटात. केळशीकर घरी गेल्यावर ते म्हणाले, "या गृहस्थांनी पुन्हा मंडळाची पायरी चढू नये." चारजणांनी माना डोलावल्या, आणि हा निरोप सांगायचं काम शेजारी म्हणून माझ्या गळ्यात पडलं.

मी रागातच गेलो. दार उघडं होतं. केळशीकर जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि समोर काळ्या एलने भरलेला पेला. माझं डोकंच फिरलं. या माणसाची बाजू मी घरीदारी घेत होतो.

"म्हणजे पिता तर," मी म्हणालो.

"आज चाखणारही नाही," ते म्हणाले. "बसा. पेला तळव्यात धरा, जरा कोमट होऊ द्या. आता वास घ्या."

आधी नुसता आंबूस भपकारा आला. मग त्याच्या खालून काहीतरी ओळखीचं. उन्हाळ्याची सुट्टी, परात, गूळ.

"सातू?" मी म्हणालो.

"भाजलेला सातू. एल सातूचीच करतात. पण ते लोक एकतर कच्चा ठेवतात, नाहीतर करपवतात. वीस पेट्यांत एखादी बाटली अशी निघते, आणि तिचाही वास पेला संपेपर्यंत टिकत नाही." ते पेल्याकडे बघत होते. "आमची ही घाटावरची. चैत्र आला की सातू भाजायला बसायची. जिन्यात पाऊल टाकलं की मला कळायचं, आज सातू. ती गेल्यावर मी इथे सगळीकडे शोधला. सातू मागितला तर सियालदहचा दुकानदार छातू देतो, हरभऱ्याचं पीठ. बार्ली मागितली तर आजाऱ्याला देतात ती डब्यातली पांढरी पूड. फसवणूक आहे सगळी. आणि धान्य मिळालं तरी भाजणार कोण? मला फक्त चाखता येतं."

मी निरोप सांगितला. ते भडकतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं." मग पेला बाजूला सारत, "मराठीत भांडायला आता कुठे जाऊ?"

घरी येऊन मी हे हिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी भवानीपूरच्या बाजारात जाऊन तिने तीन दुकानदारांशी हुज्जत घातली. चौथ्यापुढे हनुवटीखाली हात फिरवून "दाढीवाला गहू, दाढीवाला," असं हिंदीत समजावलं. तो हसला आणि म्हणाला, "जव बोलिये ना, माँजी." हिला माँजी म्हटल्याचाही राग आला, पण सातू मिळाला.

विसर्जनाच्या दिवशी मंडळाच्या स्वयंपाकघरात हिने कढई चढवली. सातूचे लाडू नैवेद्याला. आणि केळशीकरांना स्वतः बोलावलं. दातार दारातच आडवे आले, तेव्हा म्हणाली, "त्यांना मी बोलावलंय. आज नैवेद्य माझा आहे." दातारांना बाजूला व्हावं लागलं.

भाजलेल्या सातूचा वास हॉलभर पसरला. मी केळशीकरांकडे पाहिलं. ते अगदी दारापाशी भिंतीला पाठ लावून उभे होते, आणि दोन बोटांनी त्यांनी नाक घट्ट दाबून धरलं होतं. नैवेद्याचं ताट समोरून गेलं, बोटं हलली नाहीत. आरती सुरू झाली तरी हलली नाहीत. टाळ्या वाजवता येईनात, आणि आरतीचे शब्द दाबल्या नाकातून असे निघत होते की चेष्टा कोण करतंय म्हणून दातारांनी दोनदा मागे वळून पाहिलं. ज्या वासासाठी हा माणूस वर्षानुवर्षं परक्या देशाच्या बाटल्या हुंगत होता, तो आज हॉलभर होता आणि तो नाक धरून उभा होता. मला त्या क्षणी अख्ख्या मंडळाचा राग आला.

नैवेद्य दाखवून झाल्यावर हिने पहिला लाडू त्यांच्याच हातावर ठेवला आणि समोर उभी राहिली. केळशीकरांनी बोटं काढली. लाडू नाकाशी नेला. पुन्हा नेला. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि गाल ओले होते.

"वहिनी, नाक चोंदलंय," ते रागाने म्हणाले. "काही म्हणजे काही कळत नाही. अशा वेळी मत देणं म्हणजे फसवणूक आहे. उद्या घरी पुन्हा भाजाल?"

"भाजीन," ही म्हणाली.

मग घास गालात न फिरवता त्यांनी तो लाडू नुसता खाल्ला.