नाराज कोणीच नाही

इंदिरानगरच्या हर्षलची नोकरी शनिवारी दुपारी धोक्यात आली. खरी नोकरी नव्हे. तिथे तो आजारी असल्याचं कळवून मोकळा झाला होता. संगणकावरच्या खेळात तो एका फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक होता. हंगामातला शेवटचा सामना हरला, की क्लबचं संचालक मंडळ त्याला नारळ देणार होतं. तीन हंगामांची मेहनत! बिचाऱ्याने जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं होतं.

कुणी मागे राहून गोल वाचवायचा, कुणी पुढे धावायचं, हे तो खेळाडूंचे गुण वाचून ठरवत होता. तेवढ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदगावकडून आलेले भिमाजी काका एका डोळ्याला पट्टी बांधून शेजारी खुर्ची ओढून बसले. काका गावात खत-कर्ज वाटणाऱ्या विकास सोसायटीचे चेअरमन. निवडणूक ते कधी हरले नव्हते.

“हा बाकावरचा तोंड पाडून का बसलाय?”

“नाराज आहे. संधी मिळत नाही त्याला. पळताच येत नाही.”

“पळायचं काय घेऊन बसला? नाराज माणूस बाहेर ठेवायचा नसतो. उद्या येगळी चूल मांडंल. घाल त्याला पुढं.”

एकाच्या नावाखाली ‘पंचांशी हुज्जत घालतो’ असा दुर्गुण नोंदलेला होता. काकांचा पट्टीबाहेरचा डोळा चमकला. “हा लय कामाचा हाय. याला कॅप्टन कर.”

त्यावर आणखी दोघे रुसले. तेव्हा कर्णधारपद तिघांत पाळीपाळीनं वाटून देण्यात आलं. गोल करणाऱ्याचंच नाव होतं, म्हणून मागे थांबायला कुणी तयार होईना. सर्वांना पुढे सामावून घेण्यात आलं. राहता राहिला गोलरक्षक. “त्यानं काय घोडं मारलंय?” म्हणत काकांनी त्यालाही उपकर्णधार करून पुढे धाडलं. प्रत्येक नावासमोर ‘अत्यंत समाधानी’ असा शेरा उमटला. हर्षलने असं दृश्य आजवर पाहिलं नव्हतं. त्याला गहिवरून आलं.

संघ सामना अकरा-शून्य असा हरला. कर्णधारपदाच्या पदभाराची देवाणघेवाण चालू असताना समोरच्यांनी दोन गोल उरकून घेतले. समाधानात मात्र तसूभरही घट झाली नाही. मंडळाने हर्षलला तत्काळ कार्यमुक्त केलं.

“काका, सगळं घालवलंत!” हर्षल रडकुंडीला आला.

“टीम एक हाय ना? मंडळातल्या कुणाला आत घेतलं नाय, ती तुझी चूक.”

“आणि प्रेक्षक? तिकीट काढून आले होते, शिव्या घालत गेले.”

“पुढल्या हंगामाला येतील?”

हर्षलने पाहिलं. पुढल्या हंगामाची सगळी तिकिटं आत्ताच संपली होती. “कमाल आहे! या लोकांना अक्कल नाही का?”

काकांनी शांतपणे विचारलं, “आपल्या गावच्या सोसायटीला तू येऊन मत कुणाला देतो?”

“तुम्हाला.”

“मागल्या टायमाला?”

“तुम्हालाच.”

“गावात खत येळेवर मिळतं?”

“कधीच नाही.”

“मग?”

“मग काय? तुम्ही आपले ना, काका!”

“त्यांचंबी कुणीतरी आसंल की टीममधी,” काका म्हणाले.