तीन प्रोग्रॅम आणि एक बटण

एका प्रोग्रॅममध्ये गाणं कुणीही करतं, असं उस्तादचं म्हणणं होतं. हे तो रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचा, आणि समोरचा चुकून ‘हो का?’ म्हणाला की त्याची सुटका नसायची. ठेका पहिल्या प्रोग्रॅममध्ये, कारण त्यातले ड्रम भरदार. गळा दुसऱ्यात, कारण तो आवाज अगदी अलगद टिपतो. मिक्सिंग तिसऱ्यात, कारण मोठमोठे लोक त्यातच करतात म्हणे. आणि या तिघांची त्याने अशी मोट बांधली होती, की एक बटण दाबलं की तिन्ही एकदम चालू! मोट बांधण्यात अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षात गाणं एकही झालं नाही, पण हा मुद्दा बायको सोडून कुणी काढत नसे आणि बायकोचं तो ऐकत नसे.

‘उस्ताद’ हे नाव ऑफिसने चेष्टेत ठेवलेलं. त्याने ते खरं मानलं, इतकंच. पोटासाठी तो पंख्यांच्या कारखान्यात माल रवाना करायच्या टेबलावर बसायचा. कुठल्या ट्रकमध्ये किती खोकी चढली ते लिहायचं, आणि पाठीमागे उभ्या हेडक्लार्कने ते मोठ्याने वाचून नाक मुरडायचं. या टेबलावरून एकदाचं उठायचं, एवढीच उस्तादची इच्छा होती.

त्यामुळे मालकांनी केबिनमध्ये बोलावून कंपनीचं स्वतःचं गाणं हवंय म्हणून सांगितलं, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गाणार खुद्द मालक, शब्दही त्यांचेच. गाणं जमलं तर नवा प्रसिद्धी विभाग काढू आणि तुलाच त्याचा प्रमुख करू, असंही ते म्हणाले. हेडक्लार्क तिथेच होता. त्याचा चेहरा बघून उस्तादला निम्म्या पगारवाढीचा आनंद झाला.

मालक साठी उलटलेले, आवाज घोगरा. उस्तादच्या घरी, भिंतींना रजया टांगलेल्या खोलीत, ते माइकसमोर उभे राहिले आणि ‘फिरतो पंखा, येतो वारा, घाम पुसा हो आता सारा’ असं गाऊन गेले. मग उस्तादने गळा तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये ओढला, तर तो संगीताशी जुळेना. पार वर चढलेला. मालक बेसूर आहेत हे त्याला पटायला वेळ लागला नाही, पण मालकांना ते सांगणार कोण? त्याने सरळ सगळं संगीतच वर चढवलं आणि मालकांच्या सुराला नेऊन भिडवलं. मालकांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं. डोळे मिटून म्हणाले, “हा माझा खरा आवाज. आजवरचे सगळे माइक खोटे होते.”

घरी बायकोला गाणं ऐकवलं, तर तिने भाजी चिरता चिरता विचारलं, साहेब एवढे तरुण कधी झाले? उस्ताद हसला, मग हसायचा थांबला आणि सेटिंग बघायला धावला. दुसऱ्या प्रोग्रॅमने आवाज जरा सावकाश टिपला होता आणि तिसरा तो घाईघाईने वाजवत होता. दोघांच्या वेगाचे आकडे वेगळे, म्हणून गळा वर चढलेला. मालक सुरातच गायले होते.

“मग सांगून टाका ना त्यांना,” बायको म्हणाली.

“काय सांगू? तुमचं तारुण्य म्हणजे माझी चूक आहे?”

तो गप्प बसला. निभावलंही असतं. पण आपला खरा आवाज सापडल्यापासून मालकांना दम धरवेना. वार्षिक कार्यक्रमात रेकॉर्डिंग नको, मी समोर उभा राहून गातो, तू फक्त संगीत लाव, असा हुकूम सुटला. उस्तादने घाबरून संगीत खाली, मालकांच्या खऱ्या आवाजाला झेपेल असं उतरवलं. तालमीत मालकांनी ते ऐकून तोंड वाकडं केलं. हे म्हाताऱ्याचं गाणं झालं, पहिलंच लाव, म्हणाले.

पहिलंच लावलं. सगळा कारखाना खुर्च्यांवर बसलेला. पंखा कसाबसा फिरला, वाऱ्याला आवाज चिरकला आणि ‘घाम पुसा’ला तो टर्रकन फाटला. हेडक्लार्क तोंडात रुमाल कोंबून खोकत होता. मालकांनी उस्तादकडे असं पाहिलं, की त्याने बंद ठेवलेला रेकॉर्डिंगचा गळा झटकन चालू केला. सुदैवाने सगळं एकाच वेळी चालत होतं. तरुण आवाज भरून आला आणि मालक नुसते ओठ हलवू लागले. गाणं संपलं, टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी उस्तादला स्टेजवर ओढलं आणि त्याचा हात उंच धरला. “हे आमचे नवे…”

आता, चालू करायचं बटण एक असलं तरी बंद करायची तीन होती. उस्तादला टाळ्यांत त्यातलं एकही आठवलं नव्हतं. ठेका आपोआप संपला, गळा मात्र तिसऱ्या प्रोग्रॅममध्ये पुढे चाललाच होता. रेकॉर्डिंगच्या दिवशी गाणं झाल्यावर उस्ताद पाणी आणायला आत गेला असताना मालकांनी घरी फोन लावला होता, तो सगळा त्यात होता. वर्षभर मोट बांधणाऱ्याने रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. सभागृहात तोच तरुण, तरतरीत आवाज घुमला, “हं, झालं गाऊन. अगं, विभाग कसला? गाजर दाखवलंय त्याला. फुकटात करून देतोय. बावळट आहे, पण कामाचा आहे.”

मालकांनी हात सोडला. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मग मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि सगळा कारखाना हसत सुटला.

दुसऱ्या दिवशी उस्ताद खोक्यांच्या टेबलावर होता आणि हेडक्लार्क त्याच्या पाठीमागे. त्याने आकडे अगदी प्रेमाने वाचले, ते उस्तादला जास्त लागलं. संध्याकाळी घरी आला तर बायकोने चहा पुढे ठेवला. तिला वाईट वाटलं होतं. त्यालाही वाटलं होतं. पण चहाचा घोट पोटात गेल्यावर त्याची मान जराशी ताठ झाली.

“काही म्हण,” तो म्हणाला, “मिक्सिंग असं झालं होतं, की शेवटच्या रांगेपर्यंत शब्दन् शब्द पोचला. ‘बावळट’मधला ट सुद्धा हरवला नाही.”