निर्धोक तेलाची निवड

योग्य तेल पाजल्याशिवाय लाकूड अन्नाला लावू नये, हे सत्य आमच्या घराला धाकट्या नातीचे दुधाचे दात पडले त्या वर्षी समजले. तोवर आम्ही नुसतेच जेवत होतो.

माझी थोरली बहीण आक्का आमच्याकडेच राहायची. तिची बोटे वाकडी झाली आणि डाव दोनदा हातून निसटला, तेव्हा सूनबाईने तिला मायेने ओट्यापासून दूर केले. आक्काने गुपचूप सुताराकडून जाड दांड्याचा लाकडी डाव करवून घेतला. तो तिच्या मुठीत घट्ट बसत होता. मरायच्या आधी पुन्हा आपल्या हाताने रांधावे, एवढेच तिचे मागणे होते.

"वापरायच्या आधी तेल लावा," सुतार म्हणाला. कोणते, ते बोलला नाही. म्हणून चिरंजीवांनी समिती नेमली.

समितीने काम मनावर घेतले. शेंगदाण्याचे तेल लाकडात खवट होते. (माणसे पाच, मते सहा.) खोबरेल थंडीत गोठते. अक्रोडाचे उत्तम, पण नातीच्या मैत्रिणीला अक्रोड सोसत नाही, आणि ती कधी तरी जेवायला येण्याचा संभव होता. औषधांच्या दुकानातले पॅराफिन पोट साफ होण्याचे निघाले. (अध्यक्षांनी, म्हणजे मी, ते स्वतंत्रपणे घेऊन पाहिले. निष्कर्ष समाधानकारक.) जवसाचे सुकते छान, पण दुकानातल्या डब्यावर दारे-खिडक्यांचे चित्र होते, खाण्याचे वेगळे मिळते, हे कळेपर्यंत ऋतू बदलला.

दरम्यान स्वयंपाक जुन्या डावाने चालू होता. त्याचा प्लॅस्टिकचा दांडा कढईच्या काठावर वितळून वरचेवर आखूड होत होता. वितळलेला भाग कुठे जातो, हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता.

"अरे, ऐंशी उलटली माझी," आक्का म्हणाली. "मला विष भिनायला तरी सवड आहे का?"

"आत्या, तुझ्याच काळजीपोटी चाललंय हे," चिरंजीव म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "आणि तू रे? तोंड शिवलंय का?"

"मी अध्यक्ष आहे, आक्का. अध्यक्षानं मत द्यायचं नसतं."

"मग ताटावर तरी कशाला बसतोस?"

त्यानंतर दुपारी सगळे आडवे झाले की ती रिकामे पातेले पुढ्यात घेऊन तो कोरडा डाव फिरवत बसे. अन्नाशी संपर्क येत नसल्याने समितीने हरकत घेतली नाही.

अखेर एकमताने तेल ठरले. थर चढू लागले.

पुढे भेटायला आलेल्या माणसांनी डाव पाहिला, हात फिरवला आणि हळू आवाजात विचारले, तेल कोणते? दोघांनी लिहूनही घेतले. तुम्हीही तेवढ्याचसाठी इथवर आला असाल, तर सांगतो: जवसाचे, खाण्याचे. पातळ लावावे, फडक्याने पुसावे, आणि पुरते सुकल्याशिवाय पुढचा थर देऊ नये.

आक्का सोमवारी सकाळी वारली. तिसरा थर तेव्हा ओला होता.