मद्यशाळेच्या दारी टांगल्या केरसुणीची हकिकत

श्री अन्नपूर्णा तुष्ट असो, ऐकणारांचे पोट भरलेले असो. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एका राज्यी, ज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, तेथील महाराजांचे कानी आले की जर्मनांचे मुलुखी द्राक्षमळेवाले आपल्याच घरी मद्यशाळा मांडितात आणि तेथे लहानथोर एका बाकावर बसून जेवितात आणि भांडत नाहीत. महाराज चकित जाहले आणि राजश्री सिदोपंत पोतनीस यांस आज्ञा केली की, "पंत, जातीने तेथे जेवून यावे आणि रीत शिकून यावी. न जेवता आलात तर पोतनिशी गेली म्हणून समजा." मग दुभाषी म्हणून आपले मेहुणे मानाजीराव दिधले. रावसाहेबांस जर्मन भाषेचा एक शब्द येत नव्हता, परंतु मेहुणे होते.

मग गलबतावर आठ महिने ओकाऱ्या काढून पंत आश्विनमासी भर दोन प्रहरी त्या गावी पोचले, तो मद्यशाळेचे दारावर काटक्यांची केरसुणी टांगलेली. राव बोलिले, "पंत, आत झाडलोट चालली आहे. केरात पाऊल टाकणे आपल्या दौलतीस शोभत नाही." पंतांनी मान डोलाविली आणि शिष्टमंडळ निशाण-चवरीसुद्धा अंगणात उभे राहिले. मग गावकरी केरसुणीखालून आत जाऊ लागले आणि मिशा पुसत बाहेर येऊ लागले, आणि कांदा घालून भाजलेल्या रोटीचा वास सुटला आणि पंतांचे पोटात कावळे ओरडू लागले. पंत पुसते जाहले, "रावसाहेब, ही माणसे कोण?"

"झाडणारे नोकर."

"चाळीस?"

"घर मोठे दिसते."

मग मालकीण लिझेबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि हसून काही बोलली आणि पंतांची बाही धरून ओढू लागली. रावांनी अर्थ सांगितला, "म्हणते, दूर व्हा." दूर करणारी बाई असे ओढीत नाही, हे पंतांस कळत होते, परंतु महाराजांच्या मेहुण्यास खोटे कोण पाडणार? उभेच राहिले. दिवस कलला, बाईने केरसुणी उतरविली आणि शिष्टमंडळ तुतारी फुंकून आत शिरले. चूल विझलेली, बाके उलटी घातलेली. लिझेबाईने कपाळास हात लाविला. मग केरसुणी दारावर धरून तोंडाकडे बोट दाखविले, ती खाली ठेवून कडी लाविली, आणि पंत समजले की टांगली तर या, उतरली तर जा. बाईस दया आली. तिने आपल्या वाट्याची रोटी आणि हिरव्या दांड्याचा मद्याचा पेला पुढे ठेविला, तेव्हा पंतांचे डोळे भरून आले. इतक्या मायेने दरबारात त्यांस कोणी पाणीही दिले नव्हते.

परत येऊन पंत खरे सांगणार, तोच रावांनी अर्ज केला, "टांगल्या केरसुणीपुढे उपाशी उभे राहणे, हीच तेथील थोर शिस्त." महाराज पुसते जाहले, "खरे, पंत?" पंतांस पोतनिशी आठवली. म्हणाले, "जी, खरे." मग मुदपाकखान्याचे दारी चांदीच्या मुठीची केरसुणी लागली, ती उतरल्याविना कोणी जेवू नये असे ठरले, आणि उतरविण्याचा मान मानाजीरावांस मिळाला. राव पाहणीस आत गेले, ते जेवून तेथेच निजले. बाहेर रांग लागली, रांगेत पहिले सिदोपंत. मागला शिपाई हळूच म्हणाला, "पंत, तुमी तर तिथं जेवून आलासा. खरंच असं असतं का वो?" पंतांनी केरसुणीकडे पाहिले, आणि कांद्याच्या रोटीचा वास आठविला, आणि म्हणाले, "नीट उभा राहा."

येणेप्रमाणे शिष्टाई फत्ते जाहली, रीत राज्यात आली, जेवण तेवढे यायचे आहे. अधिक लिहवत नाही; लिहिणारही रांगेतच आहे.