कवडूभाऊंची दाढी

कवडूभाऊंना दाढी नव्हती, आणि बाजाराच्या दिवशी दाढी करायला सगळ्यांत आधी तेच येऊन बसत. मोहाच्या झाडाखाली लहानू न्हाव्याने पेटी उघडायच्या आत हे पोत्यावर मांडी घालून तयार. लहानू त्यांच्या गालांना भरपूर फेस लावी, वस्तरा चामड्यावर परजी आणि त्या गुळगुळीत गालांवरून मोठ्या गांभीर्याने फिरवी. मग तुरटी. भाऊ आरशात दोन्ही बाजू निरखत आणि हनुवटीखाली बोट ठेवून तक्रार करत की मागच्या खेपेला इथी थोडी राहून गेली होती. मागे ताटकळलेल्या खऱ्या दाढीवाल्यांना हसावं की भांडावं ते कळत नसे. त्या ताटकळलेल्यांत मीही असे. मी तेव्हा सावली गावी मास्तर होतो, भाऊंच्या शेजारीच राहत होतो, आणि त्यांच्या नसलेल्या दाढीपायी मला दर बाजाराला शाळेत उशीर होई.

हा माणूस आधीपासून असा नव्हता. घरची धानाची शेती होती, आणि गावच्या दंडारीच्या खेळात भीमाचं काम त्यांच्याकडे असे, तेही स्वतःच्या मिशांवर. पण तिशीच्या आसपास त्यांना बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं स्वच्छ दिसे, डावीउजवीकडे मात्र अंधार. बैलगाडी बांधावर चढू लागली. दंडारीत दुःशासन बाजूने आला तो त्यांना दिसलाच नाही, आणि भीमाने ढोलकीवाल्याला खाली पाडलं. लोक पोट धरधरून हसले. भाऊ मात्र घरी येऊन डोकं धरून बसले, कारण ते कित्येक महिने ठणकत होतं. चांद्याच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मद्रासला.

मद्रासला नवराबायको गेली, सोबतीला सिरोंच्याचा एक साडू. त्याला तेलुगू येत होतं म्हणून त्याला खास धरून नेलं. मद्रासला तमिळ बोलतात हे गाडीतून उतरल्यावर कळलं. नशीब बलवत्तर म्हणून डॉक्टर तेलुगू निघाले.

त्यांनी समजावून सांगितलं की मेंदूखाली, नाकाच्या मुळामागे हरभऱ्याच्या दाण्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातली ताकद, तहान, ऊब, पुरुषाची दाढी, मूल होणं, या सगळ्यांना हुकूम तिथून सुटतात. भाऊंच्या डोक्यात तिच्यावरच एक गाठ वाढली होती आणि डोळ्यांच्या नसा दाबत होती. काढली नाही तर ते आंधळे होणार होते. पण गाठ कुठे संपते आणि ग्रंथी कुठे सुरू होते, ते नेमकं ओळखणं कठीण होतं. भाऊंच्या बायकोची, सगुणाबाईंची, कूस अजून उजवली नव्हती. त्या म्हणाल्या, "डोळे तं वाचवाच जी, पण तो दाणा राखा."

डॉक्टरांनी कपाळावरून कवटी उघडून गाठ काढली आणि ग्रंथीचा एक पातळ पापुद्रा हात राखून तसाच ठेवला. तो जागा होईल की नाही हे मात्र त्यांना सांगता येईना. जागा झाला तर आधी दाढीमिशा येतील, मग मुलाची आशा धरा, म्हणाले. तोवर सकाळची गोळी चुकवायची नाही.

भाऊ परत आले ते दोन्ही बाजूंचं बघत आले. सावलीतल्या प्रत्येकाला त्यांनी मुद्दाम आपल्या डाव्या बाजूला उभं करून ओळखून दाखवलं. मिशा मात्र मद्रासहून परतल्यावर विरळ होत होत वर्षभरात गेल्या. तहान अशी लागली की पाण्याने भरलेला तुंबा कायम खांद्याला. वैशाखात अख्खा गाव भाजून निघत असताना हे घोंगडी पांघरून उन्हात बसत. कोणी तब्येत विचारली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "दाणा झोपून हाये." दंडारीवाल्यांनी त्यांना भीमावरून काढून द्रौपदी केलं. नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण त्यांनी लुगडं नेसून असा टाहो फोडला की हसायला आलेल्या बाया डोळे पुसत घरी गेल्या.

वस्तरा फिरवला की केस येतात, ही सगुणाबाईंची पक्की समजूत. दर बाजाराला भाऊंना त्याच पिटाळायच्या. बाजार आटोपून संध्याकाळी ते परतले की कुडापलीकडून मला त्यांचा आवाज ऐकू येई, "वस्तऱ्याले लागलं का जी काही?"

"लागलं. ठोडीवर, जरासं."

मग बाई देवापुढे दिवा लावत. मी माझ्या बायकोकडे बघून हसायचो. ती कधी हसली नाही.

अशी काही वर्षं गेली. एका रोवणीच्या हंगामात सगुणाबाई तापाने फणफणल्या आणि चांद्याला नेईपर्यंत राहिल्या नाहीत. मुलगा नव्हता, तेव्हा अग्नी भाऊंनीच दिला.

दहाव्याला आम्ही वैनगंगेवर निघालो. वाटेत लहानू माझ्याजवळ आला. त्याच्याच्याने राहवेना, त्याने सगळं सांगून टाकलं. भाऊंना नागपूरच्या डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितलं होतं की दाणा आता उठायचा नाही. ते भाऊंनी एकट्या लहानूला सांगितलं आणि बजावलं की घरी कळू द्यायचं नाही. तेव्हापासून लहानू वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवत होता. बाजारात आम्ही हसायचो ते भाऊंना ऐकू येई. सगुणाबाईंचा दिवा विझू नये म्हणून ते हसू सोसत हा माणूस दर आठवड्याला सगळ्यांत पुढे येऊन बसत होता.

नदीकाठी लहानूने त्यांचं डोकं भादरलं. मग हाताच्या सवयीने गालांना फेस लावला आणि वस्तरा उलटा धरला. भाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे गा, लहानू," ते म्हणाले. "घरी 'लागलं का' म्हणून पुसणारी गेली."

आणि नदीत उतरून त्यांनी आपल्या हातानेच तोंडावरचा फेस धुतला.