पिवळं वऱ्हाड

प्रोजेक्टर जोडायला दुकानातला माणूस बोलवायचा नाही, एवढंच विनायकने ठरवलं होतं.

“अहो, दुकानदार फुकट पाठवतोय माणूस,” कुमुद म्हणाली.

“मग मी कोण आहे?” विनायक दुखावला. (तो कचेरीत आवक-जावक बघायचा, पण हे त्या वेळी कुणी बोलून दाखवलं नाही.) “आपल्या लग्नात मांडवातला लाउडस्पीकर कुणी दुरुस्त केला होता?”

त्या लाउडस्पीकरची गोष्ट खांदा कॉलनीतल्या त्या घरात पंचवीस वर्षं चालू होती. सासरे त्या दिवशी जावयाकडे बघतच राहिले होते, हे शेवटचं वाक्य विनायक दर वेळी जरा हळू आवाजात म्हणायचा.

लग्नाच्या या पंचविसाव्या वाढदिवसाला कुमुदच्या भावाने एक पेनड्राइव्ह पाठवला होता. कुमुदच्या माहेरी, चिरनेरच्या घरात माळ्यावर लग्नाची मूळ कॅसेट सापडली, ती त्याने उतरवून घेतली होती. घरातल्या कॅसेटवर फोटोवाल्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सनई चढवली होती. मूळ कॅसेटवर माणसांचे खरे आवाज होते. पाठवणीच्या वेळी वडील कुमुदला काहीतरी म्हणाले होते, पण रडण्याच्या भरात तिने ते ऐकलंच नव्हतं. वडील जाऊन आता आठ वर्षं झाली होती. आईला, म्हणजे शांतीआजींना, शेजारी बसवूनच ते ऐकायचं म्हणून ती संध्याकाळपर्यंत थांबली होती.

नवी वस्तू म्हणून सकाळी प्रोजेक्टरची पूजा झाली. विनायकने हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि दुपारी कॉम्प्युटरची वायर जोडली.

भिंतीवर चित्र आलं. पिवळं! नवरदेव पिवळा, भटजी पिवळे, अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं मांडवात बसलेलं, आणि त्यावर धुकं.

“सेटिंगचा प्रश्न आहे,” विनायक म्हणाला. हे वाक्य त्याने मनापासून म्हटलं, आणि तिथून पुढे चार तास गेले.

त्याने रिझोल्यूशन चढवलं. रिफ्रेश रेट बदलला, तेव्हा भिंत काळीठिक्कर पडली आणि पंधरा मिनिटं सगळे काळ्या भिंतीकडे बघत बसले. मग मोबाइलवर कुण्या परदेशी माणसाचं ऐकून कलर रेंज ‘लिमिटेड’वरून ‘फुल’ केली. वऱ्हाड फुल पिवळं झालं.

“बाबा, ती जुनी कॅसेट आहे,” लेक वल्लरी म्हणाली. “फोर-के कुठून दिसणार?”

“तू गप. पिवळं कमी करायचं तर निळं वाढवायला हवं.”

त्याने निळं वाढवलं. मग लाल कमी केलं. मग सगळंच थोडंथोडं वाढवलं. कुमुद नवी साडी नेसून, मांडीवर हात ठेवून बसली होती, आणि पिवळ्या धुक्यात वडील कुठे दिसतात ते शोधत होती. ते बघून, आपण माणूस बोलवायला हवा होता, असं विनायकला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

संध्याकाळी करंजाड्याहून शांतीआजी आल्या. चष्मा सावरून त्या भिंतीकडे न बघता थेट प्रोजेक्टरजवळ गेल्या आणि वाकल्या.

“जावयबापू, याला कुकू कुनी लावलं?”

“मीच! सकाळी पूजा केली ना.”

“कपाळावर लावायचं. तुमी तं डोल्यात भरलंय!”

विनायकने वाकून बघितलं. लेन्सवर मधोमध हळद होती, त्यावर कुंकू, आणि कडेला एक अक्षत चिकटलेली. (समोर गोल दिसलं, त्याला तो कपाळ समजला होता.)

वल्लरीने मऊ फडक्याने लेन्स पुसली. धुकं गेलं, आणि वऱ्हाड निळंजांभळं झालं. ती विनायकची चार तासांची मेहनत होती. वल्लरीने ‘रीसेट’ दाबलं आणि माणसं माणसांच्या रंगाची झाली.

पाठवणी आली. पांढरा सदरा घातलेले वडील कॅमेऱ्यासमोर आले आणि त्यांनी कुमुदच्या डोक्यावर हात ठेवला. कुमुदने आईचा हात घट्ट धरला.

“बाय, रडू नको,” वडील म्हणाले. “मानूस चांगला हाय. तुला जपंल.”

कुमुदच्या डोळ्यांना धार लागली. विनायकची छाती फुगली.

“पन घरातल्या कंच्या मशिनीला त्याला हात लावू देव नको. भोंगा नीट करतो बोलला, नि जनरेटर बंद पाडून ठेवलान!”

शांतीआजी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुमुद हसत होती आणि रडतही होती. पंचवीस वर्षांनी वडिलांचं बोलणं पोचलं होतं.

“अहो,” ती डोळे पुसत म्हणाली, “परत एकदा ऐकवा ना.”

विनायक लगबगीने माऊसकडे सरकला.

“तुम्ही नको,” कुमुद म्हणाली. “वल्लरी, तू लाव.”