दिवस गेलेले कंद

"एक पिशवी कंद काय आणलेत, स्वतःच्या घरात तोंड उघडायची चोरी झालीय," दाढी करता करता नवरा साबणाच्या फेसातून पुटपुटला. मागे उभ्या असलेल्या बायकोने "हळू!" म्हणून त्याच्या पाठीत कोपर मारलं आणि त्याच्या गालावर एक बारीक लाल रेघ उमटली.

चोरी होती एकाच शब्दाची. 'उशीर'. तिच्या नणंदबाई बावन्न वर्षांच्या, अविवाहित, पोस्टात खिडकीवर बसायच्या. सोमवारी चौकातल्या चष्मेवाल्यांनी, चांगल्या विधुर गृहस्थांनी, त्यांच्या चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता लग्नाचं विचारलं. "रविवारी सांगते," म्हणून नणंदबाई निघाल्या आणि त्याच गोंधळात शेजारच्या दुकानातून निशिगंधाचे कंद अन् डेलियाची मुळं घेऊन आल्या. लावायचा महिना पाकिटावर छापला होता. तो केव्हाच सरला होता. 'उशीर' म्हटलं तर त्या स्वतःवर घेतील, या धास्तीने तेव्हापासून घरात बस 'मागाहून' यायची, दूध 'निवांत' यायचं आणि भाऊ ऑफिसात 'सावकाश' पोचायचा.

आज रविवार. चहा घेताना नणंदबाईंनी विचारलं, "काय गं, आता लावून काही उपयोग आहे का?"

त्या कंदांचं विचारतायत की कशाचं, कोण सांगणार? भावाला ठसका लागला. बायको फोन घेऊन गॅलरीत पळाली आणि कंदांचा फोटो पाठवून तिने रोपवाटिकेचे मालक गाठले. ते कानाने जड, म्हणजे ओरडणं आलं. आणि तो शब्द तर टाळायचाच.

"आमच्या ताईंचं विचारायचं होतं! दिवस गेलेत हो! … हो ना, महिना उलटून गेला! … नाही, वरून काही दिसत नाही अजून, पण आत जीव आहे!"

खालच्या मजल्यावर कपडे वाळत घालणाऱ्या टेलरबाईंच्या तोंडातला चिमटा गळून पडला.

"घट्ट असतील तर आजच लावा," मालक म्हणाले. "पिशवीत ठेवून काय सुधारणार आहेत? फुलं मागेपुढे येतील, एवढंच."

बायकोला हायसं वाटलं. दुपारी नणंदबाईंनी मातीची कुंडी उचलली, तोच टेलरबाई आत घुसल्या आणि त्यांनी ती हिसकावूनच घेतली.

"वजन उचलायचं नाही! बसा आधी. आणि तुमचे ब्लाउज द्या, उसवून सैल करून ठेवते."

"का? नीट बसतात की."

"आत्ता बसतात हो!" टेलरबाई समजूतदारपणे म्हणाल्या. "आणि लाजायचं काय त्यात? सोमवारी त्यांनी तुम्हाला विचारलं तेव्हा दुकानातच होते ना मी, चष्मेवाल्यांचं अभिनंदनसुद्धा करून आले."

"कशाबद्दल?" नणंदबाईंचा चेहरा उतरला. आपण काही सांगायच्या आत गावभर झालं? आता तो भला माणूस बिचकून मागे सरणार, आणि आपण 'हो' म्हणायचं ठरवलंय ते मनातच राहणार.

तेवढ्यात चष्मेवाले दारात. धापा टाकत, एक भिंग हातातच.

"मला काही विचारायचं नाही," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "फक्त सांगायला आलो. माझा शब्द कायम आहे. जे काही असेल, त्यासकट."

"कशासकट?" भावाने विचारलं.

"बाळासकट," टेलरबाईंनी खुलासा केला.

मग बायकोने कपाळावर हात मारला. "अहो, कंदांचे! कंदांचे दिवस गेले, लावायचे दिवस!" आणि तिने पाकीट सगळ्यांच्या नाकासमोर नाचवलं.

"मग सरळ बोलायला काय धाड भरली होती?" टेलरबाई भडकल्या. नवरा-बायको छताकडे बघायला लागले.

नणंदबाईंचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. त्या चष्मेवाल्यांकडे बघत होत्या.

"बाळासकट तयार होतात?"

"म्हणजे… हो. पाळणा कुठे ठेवायचा, तेवढंच सुचत नव्हतं."

नणंदबाई हसायला लागल्या, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पदराने डोळे टिपत त्या भावाकडे वळल्या.

"अरे, छताकडे काय बघतोस? उशीर झालाय, असंच ना? झालाय! चांगला वीस वर्षांचा झालाय." मग चष्मेवाल्यांना म्हणाल्या, "आत या हो. आणखी नको करायला."